‘क’ नसलेली भाषा : क्लिंगॉनची वर्णमाला आणि ऐकणाऱ्याचा कान

पतंजलीच्या महाभाष्यात आरंभीच असुरांची एक हकीकत येते. शत्रूंना उद्देशून आरोळी देताना त्यांनी ‘र’च्या जागी ‘ल’ उच्चारला आणि त्यांचा पराभव झाला. आपण तसे म्लेच्छ होऊ नये म्हणून व्याकरण शिकावे, असा त्या हकीकतीचा बोध. ‘म्लेच्छ’ या शब्दामागचा धातूच मुळी ‘अस्पष्ट बोलणे’ या अर्थाचा आहे. ग्रीकांनी परकीयांना जे नाव दिले, ‘बार्बारोस’, त्याची व्युत्पत्तीही त्यांना ऐकू येणाऱ्या ‘बर-बर’ अशा आवाजातून सांगितली जाते. माणूस परका ठरतो तो आधी कानाला. त्याचा वेष, देव आणि रीतिरिवाज पुढे कधीतरी कळतात.

हाच कान विसाव्या शतकात परग्रहाकडे लागला तेव्हा त्याने काय ऐकले, हा या लेखाचा विषय आहे. त्यासाठी मी ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन चित्रपटमालिकेतील क्लिंगॉन ही भाषा निवडली आहे. परग्रहवासीयांसाठी रचलेल्या भाषांमध्ये ती सर्वांत प्रसिद्ध आहे. तिचा कोश आहे, व्याकरण आहे, तिच्यात ‘हॅम्लेट’चे भाषांतर झाले आहे. या लेखात मात्र तिच्या फक्त ध्वनींचा विचार करायचा आहे. आपल्याकडच्या शिक्षाग्रंथांनी आणि प्रातिशाख्यांनी ध्वनी मोजण्याची जी पट्टी तयार केली, ती या भाषेला लावून पाहिली तर काही अनपेक्षित गोष्टी हाती येतात.

कल्पित परग्रहभाषेचा इतिहास मात्र क्लिंगॉनच्या बराच आधीचा आहे. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गॉडविन या बिशपची चांद्रप्रवासाची कथा १६३८ साली, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाली. तीत चंद्रावरचे लोक सुरांनी बोलतात. या कल्पनेमागे चिनी भाषेतील सुरांविषयी युरोपात तेव्हा पोहोचलेली वर्णने होती. म्हणजे चंद्रावरची म्हणून जी भाषा वाचकापुढे ठेवली, तिचे बीज पृथ्वीवरच्या, पण दूरच्या एका भाषेत होते.

याच्या नेमके उलट उदाहरण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जिनिव्हात घडले, आणि त्याचा एक धागा आपल्या शेजारच्या कानडा प्रदेशापर्यंत येतो. एलेन स्मिथ या टोपणनावाने ओळखली जाणारी एक बाई प्रेतात्म्यांच्या बैठकांमध्ये समाधी लावून बोलत असे. आपण पूर्वजन्मी कानडा प्रदेशातील एका राजपुत्राची पत्नी होतो असे ती सांगे आणि संस्कृतसारखे काही उच्चारी. पुढे ती मंगळावरची भाषाही बोलू लागली. तेओदोर फ्लूर्न्वा या मानसशास्त्रज्ञाने तिचा अभ्यास करून १९००च्या सुमारास ग्रंथ लिहिला. तिचे ‘संस्कृत’ तपासून देणाऱ्यांमध्ये जिनिव्हात संस्कृत शिकवणारे फेर्दिनां द सोस्यूर होते, ज्यांच्या व्याख्यानांतून पुढे आधुनिक भाषाविज्ञान उभे राहिले. ते संस्कृत खरे नव्हते. पण त्यात ‘फ्रान्स’मधला दंतोष्ठ्य ‘फ’ कुठेही येत नाही, हे सोस्यूर यांच्या ध्यानात आले, आणि संस्कृतात तो ध्वनी खरोखरच नाही. व्हिक्तर आंरी या दुसऱ्या संस्कृतज्ञाने १९०१ साली त्याचा उलगडा असा सुचवला की, ‘फ्रेंच’ या शब्दाचे आद्याक्षरच तो ध्वनी. आपण फ्रेंच बोलत नाही आहोत हे पटवण्यासाठी तिच्या मनाने नकळत तो गाळला असावा.

तिच्या मंगळभाषेबद्दल फ्लूर्न्वाचा निष्कर्ष अधिक परखड होता. त्या भाषेतले सारे स्वर-व्यंजन फ्रेंच होते आणि वाक्यरचनाही फ्रेंचच होती. बदलले होते ते फक्त शब्द. मन कितीही दूर गेले तरी जीभ घरच्याच वळणावर राहते, हे या प्रकरणाने दाखवून दिले. कल्पित भाषा रचणाऱ्यापुढे मग दोन वाटा उरतात. एक गॉडविनची : दूरच्या माणसांचे ध्वनी आणून बसवायचे. दुसरी आंरीने सुचवलेली : आपल्या भाषेतला एखादा ध्वनी काढून टाकायचा. क्लिंगॉनच्या रचनाकाराने या दोन्ही वाटा जाणूनबुजून वापरल्या.

क्लिंगॉन हे जमातीचे नाव १९६७ सालच्या दूरचित्रवाणी मालिकेतले. त्यांची भाषा प्रथम ऐकू आली ती १९७९च्या चित्रपटात, तीही मोजकी काही वाक्ये. ती जेम्स डूहान या नटाने केवळ आवाजाच्या अंदाजाने रचली होती. १९८४च्या तिसऱ्या चित्रपटासाठी मार्क ऑक्रँड या भाषावैज्ञानिकाकडे काम आले. त्याने डूहानच्या वाक्यांतले ध्वनी आधाराला घेतले, त्यांत भर घातली आणि १९८५ साली ‘द क्लिंगॉन डिक्शनरी’ प्रसिद्ध केली. निर्मात्यांना युद्धखोर जमातीला शोभेल अशी, घशातून येणारी भाषा हवी होती. ऑक्रँडला माणसाच्या तोंडाला उच्चारता येईल पण माणसाची वाटणार नाही अशी भाषा हवी होती. या दोन अपेक्षा वेगळ्या आहेत, आणि क्लिंगॉनच्या वर्णमालेत त्या शेजारी शेजारी बसलेल्या दिसतात.

क्लिंगॉनमध्ये २१ व्यंजने आणि ५ स्वर आहेत. ती आता आपल्या वर्गांच्या चौकटीत मांडून पाहू.

क-वर्गात क, ख, ग, घ यांपैकी एकही नाही. आहे तो फक्त ङ. मराठीत हा ङ बहुधा कवर्गी व्यंजनाच्या आधारानेच उभा राहतो. ‘वाङ्मय’सारखा शब्द अपवाद. क्लिंगॉनमध्ये तो शब्दाच्या आरंभीही येतो : ‘ङोड’ म्हणजे वस्तुस्थिती. च-वर्गात च आणि ज आहेत, छ, झ, ञ नाहीत. ट-वर्गात एकटा ड. ट, ठ, ढ, ण नाहीत. त-वर्गात त आणि न. थ, द, ध नाहीत. प-वर्गात प, ब, म आहेत. प नेहमी आणि त बहुधा हवेच्या झोतासह उच्चारायचा, म्हणजे मराठी कानाला ते प-फ आणि त-थ यांच्या सीमेवर वाटतील. पण अल्पप्राण-महाप्राण असा भेद मात्र ही भाषा करत नाही. य, र, ल आहेत, आणि व दोन आहेत : एक दात ओठाला लावून, दुसरा ओठांचा चंबू करून. ऊष्म वर्णांत श, स, ह नाहीत. आहे तो मूर्धन्य ष. ळ नाही.

रिकाम्या घरांच्या बाहेर काही पाहुणे आहेत. घशाकडचे चार : ख़, ग़, क़, आणि क़ व ख़ एकाच दमात घासून काढलेला पाचवा-सहावा वाटणारा पण एकच असा ध्वनी, जो मी ‘क़्ख़’ असा लिहितो. त्यातला भेद अर्थ बदलतो : ‘क़ुल’ म्हणजे आग आणि ‘क़्ख़ुल’ म्हणजे संशोधन. पुढचा पाहुणा कंठद्वार बंद करून केलेला झटका. तो व्यंजन म्हणून मोजला जातो. कोणतेही अक्षर नुसत्या स्वराने सुरू होत नाही. जिथे तसे वाटते तिथे आधी हा झटका असतो. आणि शेवटचा ‘त्ल्ह’ : जीभ त-साठी टेकवायची आणि हवा जिभेच्या दोन्ही कडांनी जोराने घासत सोडायची. याच्या जवळचा ध्वनी मेक्सिकोतील नाहुआत्ल भाषेत आहे; आपला ‘टोमॅटो’ तिच्याच ‘तोमात्ल’वरून, स्पॅनिशमधून इंग्रजीत जाताना शेवटचा ध्वनी गमावून आला. क्लिंगॉन लोक स्वतःला ‘त्ल्हिङान’ म्हणतात आणि इंग्रजी जिभेला ते जमत नाही म्हणून ‘क्लिंगॉन’ झाले, अशी ऑक्रँडची मखलाशी. खरा क्रम उलटा होता. नाव सतरा वर्षे आधीचे. पण परक्याचे नाव राज्यकर्त्यांच्या जिभेवर कसे मोडते, याचे हे नेमके चित्र आहे. मुंबई, पुणे, ठाणे यांच्या इंग्रजी अवतारांत राहिलेल्या वाचकाला ते समजावून सांगावे लागणार नाही.

इंग्रजी वाचकाला ‘ड’ आणि ‘ष’ समजावण्यासाठी ऑक्रँडला जिभेचे टोक नेमके कुठे टेकवायचे याचे वर्णन करावे लागते, आणि हे इंग्रजी ‘डी’ नाही हे लक्षात राहावे म्हणून शब्दाच्या मध्येच मोठे अक्षर छापावे लागते. मराठी वाचकाला एक शब्द पुरतो : मूर्धन्य. गंमत अशी की ‘ष’ आपण लिहितो, पण आज बहुतेक मराठी भाषक त्याचा उच्चार ‘श’च करतात. शाळेत शिकवलेला आणि तोंडातून निसटलेला हा वर्ण एका कल्पित ग्रहावर शिस्तीने उच्चारला जातो आहे.

इथे पहिला टीकेचा मुद्दा येतो. क्लिंगॉन कर्कश वाटते, रानटी वाटते, असे तिच्याविषयी सर्रास लिहिले जाते. कोणाला वाटते? ज्या ध्वनींवर हा कर्कशपणा उभा आहे ते एकेक करून पाहा. ‘ड’ आपल्या अंगणातला आहे. लाडू, वेडा, पाडवा, गोडधोड यांतला. ख़, ग़ आणि क़ हे तर गझल ऐकणाऱ्या मराठी रसिकाला नजाकतीचे ध्वनी वाटतात. ‘ग़ज़ल’मधला ग़ नीट घासला गेला नाही तर मैफलीतले जाणकार नाक मुरडतात. जे ध्वनी लखनौच्या तहज़ीबीची खूण, तेच हॉलिवूडच्या पडद्यावर तलवार उपसण्याची खूण. ध्वनी तोच, घशातली जागा तीच. बदलला तो ऐकणाऱ्याचा शेजार. इंग्रजी भाषकाच्या शेजारी अरबी, जर्मन, रशियन या भाषा शतकभर शत्रूच्या तोंडून ऐकू येत होत्या. चित्रपटाला झटपट परिणाम हवा होता आणि त्याने प्रेक्षकाच्या कानात आधीच साठलेले भांडवल वापरले. क्लिंगॉनच्या रचनेतला हा भाग मला दुबळा वाटतो. गॉडविनने चिनी सूर चंद्रावर नेले. इथे आशियाचा घसा अंतराळात नेला.

क्लिंगॉनची खरी बुद्धिमत्ता रिकाम्या घरांत आहे. पृथ्वीवरच्या भाषांचे ध्वनी विखुरलेले नसतात. ते ओळी धरून बसतात. एका स्थानी घोष-अघोष अशी जोडी असेल तर दुसऱ्या स्थानीही ती असण्याचा संभव मोठा. आपल्या वर्णमालेची पंचवीस घरे ही या प्रवृत्तीची सर्वांत देखणी मांडणी आहे. ‘क’ नसलेली भाषा मिळणे फार अवघड. आणि घशातला ‘क़’ असून अलीकडचा ‘क’ नाही, हे तर विरळाच. ऑक्रँडने नेमके हेच केले. ‘त’ ठेवला पण त्याचा जोडीदार ‘द’ काढून त्या जागी ‘ड’ आणला. त्या ‘ड’ला ‘ट’ची सोबत दिली नाही. ‘प’ आणि ‘ब’ अशी रीतसर जोडी ओठांपाशी ठेवली, म्हणजे बाकीची मोड अधिक जाणवावी. यातला प्रत्येक ध्वनी कुठल्या ना कुठल्या माणसाच्या तोंडी आहे. हा संच मात्र कोणाचाच नाही.

या मोडतोडीचा परिणाम सामान्य प्रेक्षकाला कळतो का? नावानिशी कळत नसेल. पण एलेन स्मिथच्या बोलण्यात ‘फ’ नाही हे सोस्यूर यांना जाणवले तसे कानाला काहीतरी उणे आहे हे जाणवते. खड्यासारखा टोचणारा ध्वनी दोनदा ऐकला की सवयीचा होतो. नसलेल्या ध्वनीची सवय होत नाही, कारण कान त्याची वाट पाहत राहतो.

स्वरांपाशी मात्र ऑक्रँडने हात आखडता घेतला. आ, ए, इ, ओ, ऊ हे पाच स्वर म्हणजे मानवी भाषांतला सर्वांत रुळलेला संच; स्पॅनिश आणि जपानीही अशाच पाचांवर चालतात. ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही, सूर नाहीत, अनुनासिक स्वर नाहीत. कारण उघड आहे : वाक्ये नटांना पाठ करायची होती. तरीही व्यंजनांच्या बाबतीत दाखवलेले धाडस स्वरांच्या बाबतीत संपले, ही उणीव राहतेच.

तुलनेसाठी ‘अवतार’ या २००९च्या चित्रपटातली नावी भाषा घ्यावी. ती पॉल फ्रॉमर या भाषावैज्ञानिकाने रचली. तीत ब, द, ग हे स्पर्श नाहीत. म्हणजे आपल्या वर्णमालेतला तिसरा स्तंभ या तिन्ही ओळींत पुसलेला. त्याऐवजी प, त, क यांचे कंठद्वार मिटून फुटणारे स्फोटक जोडीदार आहेत, जसे जॉर्जियन, अम्हारिक, क्वेचुआ या भाषांत असतात. हे तीन पाहुणे तीन घरांत रांगेने बसतात. चौकट मोडत नाही, फक्त सरकते. नावी लोक निसर्गाशी एकरूप, सज्जन, बळी पडलेले. त्यांना सुघड वर्णमाला मिळाली. क्लिंगॉन लढवय्ये, त्यांना खिंडारे पडलेली मिळाली. दोन्ही रचनाकारांनी हे ठरवून केले असे मी म्हणत नाही. पण सुव्यवस्थित ध्वनी म्हणजे सौजन्य आणि विस्कटलेले म्हणजे हिंसा, हे समीकरण दोन्ही चित्रपट गृहीत धरतात, आणि महाभाष्यातले असुर पुन्हा आठवतात.

ऑक्रँडच्या पूर्वायुष्यातली एक नोंद इथे महत्त्वाची आहे. त्याने बर्कली येथे १९७७ साली जो प्रबंध लिहिला तो कॅलिफोर्नियातील मुत्सुन या मूळनिवासी भाषेच्या व्याकरणावर. ही भाषा अस्खलित बोलणाऱ्या अखेरच्या व्यक्ती असेन्सियॉन सोलोर्झानो १९३० साली वारल्या. त्यांच्या शेवटच्या दिवसांत जे. पी. हॅरिंग्टन या संशोधकाने उतरवून घेतलेली टिपणे ऑक्रँडच्या प्रबंधाला आधार झाली. ज्या माणसाने बोलणारे कोणीच उरले नाही अशी भाषा कागदांवरून उभी केली, त्यानेच पुढे बोलणारे कोणीच नव्हते अशी भाषा निर्माण केली. १९९२ साली क्लिंगॉनच्या अभ्यासासाठी संस्था निघाली. २०१८ साली ड्युओलिंगोवर तिचा पाठ्यक्रम आला. मुत्सुन समाजातल्या लोकांनीही आपली भाषा पुन्हा बोलती करण्याचे काम हाती घेतले आणि त्यात ऑक्रँडचे ते व्याकरण उपयोगी पडले. पण दोहोंना मिळालेल्या प्रसिद्धीची तुलना केली तर मन खिन्न होते. ज्यांना परग्रहवासी म्हणून पाहायला माणसे रांगा लावतात त्यांच्या भाषेला शिकाऊ मिळतात. ज्यांना त्यांच्याच भूमीवर परके ठरवले गेले त्यांच्या भाषेला एकेक शब्द टिपणांतून वेचावा लागतो.

परके ठरवणे कसे चालते याची जाण ऑक्रँडला होती, असे त्याच्या कोशावरूनच म्हणता येते. त्यात तो सांगतो की सर्वच क्लिंगॉन ‘ब’ आणि ‘ड’ एकसारखे उच्चारत नाहीत. काहीजण ‘ब’चा ‘म’ करतात आणि ‘ड’च्या जागी त्याच स्थानी नाकातून ध्वनी काढतात. मराठीत त्याला सरळ नाव आहे : ण. म्हणजे ट-वर्गातले जे घर प्रमाण क्लिंगॉनमध्ये रिकामे आहे, ते बोलीत भरलेले आहे. आणि प्रमाण कशाला म्हणायचे? तर गादीवर बसलेल्या सम्राटाच्या बोलीला. सम्राट बदलला की प्रमाणभाषा बदलते. जुन्या बोलीचे लोक मंदबुद्धीचे किंवा फितूर समजले जातात, त्यांच्या वाट्याला हलकी कामे येतात. म्हणून शहाणे क्लिंगॉन अनेक बोली शिकून ठेवतात. सगळ्या कोशात हा मजकूर थोडासाच आहे, विनोदाच्या सुरात आहे, आणि मला तो त्या पुस्तकातला सर्वांत गंभीर भाग वाटतो.

कारण तो परग्रहावरचा वाटत नाही. आपल्याकडे ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला वर्गात उभे करून ‘पाणी’ म्हणायला लावले जाते. वऱ्हाडात ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, ‘काळा’चा ‘काया’ होतो. ऐकणारा हसतो आणि बोलणारा पुढच्या वेळी गप्प बसतो. न आणि ण, ळ आणि य यांच्यातले अंतर टाळूवर मोजले तर बोटभरही नाही. क्लिंगॉनचा ‘त्ल्ह’ आपल्याला परका वाटतो ते समजण्यासारखे आहे. पण तो ऐकून कोणी त्या वक्त्याची बुद्धी मोजत नाही. घरातल्या ‘न’ने मात्र माणसाची जात, गाव आणि शिक्षण एका श्वासात मोजले जाते.

मराठीत विज्ञानकथेची परंपरा चांगली आहे. कधी कोणी मराठी लेखकाने परग्रहवासीयांसाठी भाषा रचायला घेतली, तर त्याला ऑक्रँडचे पाहुणे ध्वनी फारसे कामाला येणार नाहीत. आपल्या कानाला ते ओळखीचे आहेत. त्याने रिकाम्या घरांपासून सुरुवात करावी. पंचवीस घरांचा तक्ता समोर ठेवावा आणि कोणते घर रिते केले तर मराठी माणूस अस्वस्थ होईल ते शोधावे. बहुधा ते ट-वर्गात सापडेल. ण आणि ळ यांच्याच आसपास. आणि मग स्वतःला विचारावे की ही अस्वस्थता नेमकी कशाची आहे, कानाची की आणखी कशाची.